फॉर्म्युला-४ म्हणजे काय रे भाऊ? ब्रिटनमधल्या ज्युनिअर मोटार शर्यतींची ओळख



क्रिकेट, बॅडमिंटन, बुद्धिबळ हे आपल्या घरांतले ठरलेले खेळ. त्यांची शिडीही आपल्याला ठाऊक असते. आधी क्लब, मग काउंटी, पुढे ज्याचे त्याचे नशीब. मोटार शर्यतींचे तसे नाही. रविवारी दुपारी सहकुटुंब फॉर्म्युला-१ बघणारी घरे आता आपल्यात बरीच आहेत. वाढदिवस गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर साजरा करण्याची पद्धतही रुळली आहे. त्यातूनच एखादे दिवशी घरातले पोर विचारते, "बाबा, मला खरी रेसिंग करायची आहे, नाव कुठे घालायचे?" आणि एरवी मॉर्गेजपासून मोदकापर्यंत सगळ्यावर मत असलेले बाबा गप्प होतात.

म्हणून हा लेखप्रपंच. या शर्यती चालतात कशा, त्यात मुलाच्या अंगचे कौशल्य किती आणि घरच्या पैशाचा भाग किती, याची सरळ माहिती पालकांना एका ठिकाणी मिळावी एवढाच हेतू आहे. कोणाला नाउमेद करायचे नाही, पण मुलाला ट्रॅकवर पाठवण्याआधी आईबाबांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे मात्र आम्हाला मनापासून वाटते.

आधी शिडी समजून घेऊ

चाके उघडी, आसन एकच, चालक जवळजवळ आडवा पहुडलेला, अशा गाडीला 'सिंगल-सीटर' म्हणतात. मराठीत एकआसनी म्हणू. फॉर्म्युला-१ ची गाडी हा तिचा सर्वांत मोठा अवतार. 'फॉर्म्युला' म्हणजे नियमांची चौकट : इंजिन किती, वजन किती, टायर कोणते. चौकटीत बसते ती गाडी पळते.

ब्रिटनमध्ये मुले सुरुवात करतात ती कार्टवर. सहाव्या वर्षापासून 'बाम्बिनो' आणि आठव्यापासून 'कॅडेट' असे वयोगट आहेत. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला-४ चे दार उघडते. त्यापुढची पायरी इथे जीबी-३ ही आहे, किंवा युरोपात 'फॉर्म्युला रीजनल'. मग फॉर्म्युला-३, मग फॉर्म्युला-२. या शेवटच्या दोन स्पर्धा फॉर्म्युला-१ च्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर होतात. जुलैत सिल्व्हरस्टोनला ग्रां प्रीचे तिकीट काढणाऱ्यांना त्या आपोआप बघायला मिळतात.

नावांचा घोळ फार आहे, आणि तो आपल्या मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त छळतो. ब्रँड्स हॅचला १९६७ साली 'फॉर्म्युला फोर्ड' सुरू झाली. पंख नसलेली, साधी, तुलनेने स्वस्त गाडी. आयर्टन सेना १९८१ मध्ये ब्राझीलहून येऊन नॉरफोकमध्ये राहिला तो हीच चालवायला. आपला नारायण कार्तिकेयन १९९४ मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला फोर्ड हिवाळी मालिका जिंकला तोही याच गाडीत, आणि युरोपात अशी मालिका जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. मधल्या काळात फॉर्म्युला रेनो (लुईस हॅमिल्टन २००३ चा विजेता) आणि २००४ ते २००७ फॉर्म्युला बीएमडब्ल्यू अशा मालिका येऊन गेल्या. २०१५ मध्ये जागतिक संघटनेच्या मान्यतेची 'एमएसए फॉर्म्युला' सुरू झाली. पहिल्याच वर्षी ती जिंकणारा मुलगा होता लॅन्डो नॉरिस, जो २०२५ मध्ये फॉर्म्युला-१ चा जगज्जेता झाला. हीच मालिका २०१६ पासून ब्रिटिश एफ-४ म्हणून ओळखली जाते.

तिच्या आधीपासून, २०१३ पासून, 'बीआरडीसी फॉर्म्युला-४' नावाची दुसरीच एक मालिका होती. २०१४ मध्ये ती जॉर्ज रसेलने जिंकली आणि बंगळूरचा अर्जुन मैनी थोडक्या गुणांनी दुसरा आला. या मालिकेचे २०१६ मध्ये 'ब्रिटिश फॉर्म्युला-३' आणि २०२१ मध्ये 'जीबी-३' असे नामांतर झाले. २०२२ मध्ये त्याच आयोजकांनी तिच्या खाली कमी खर्चाची म्हणून 'जीबी-४' सुरू केली. तेव्हा कोणी "ब्रिटिश एफ-४" म्हणाले तर कोणत्या सालची, हे विचारून घ्यावे! जीबी-३ आणि जीबी-४ चालवणारी एमएसव्ही ही कंपनी जोनाथन पामर यांची. हे गृहस्थ आधी डॉक्टर, मग फॉर्म्युला-१ चालक, मग ब्रँड्स हॅच, ऊल्टन पार्क, स्नेटरटन अशा सर्किटांचे मालक. मुलाने मेडिकल सोडू नये असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण घरात सांगावे की नाही, ते आपापले ठरवावे.

शनिवार-रविवारी नेमके काय होते

ब्रिटिश एफ-४ 'मोटरस्पोर्ट यूके' ही राष्ट्रीय संघटनाच चालवते. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, दहा आठवडा-अखेरी, प्रत्येक वेळी तीन शर्यती. बहुतेक वेळा ब्रिटिश टूरिंग कारच्या जोडीने, म्हणजे प्रेक्षक भरपूर. शर्यत छोटी, साधारण वीस मिनिटांची. मध्ये टायर बदलणे नाही, पेट्रोल भरणे नाही. जो चुकला तो मागे राहिला.

पहिला भाग सरावाचा. मग पात्रता फेरी, ज्यात सर्वांत वेगवान फेरी मारणारा पुढे उभा राहतो. गंमत अशी की चालकाच्या सर्वोत्तम वेळेवर एका शर्यतीतली जागा ठरते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वेळेवर आणखी एका शर्यतीतली. म्हणजे एकच फेरी जीव तोडून मारून भागत नाही, दोनदा जमावे लागते. उरलेल्या शर्यतीत पुढच्या काही जणांचा क्रम उलटा करतात. वेगवान मुलगा मागे जातो आणि त्याला वाट काढत यावे लागते. या उलट्या शर्यतीला गुण कमी असतात, पण किती जणांना मागे टाकले याचेही गुण मिळतात. बाकीच्या दोन शर्यतींना फॉर्म्युला-१ सारखेच २५, १८, १५ असे उतरत्या क्रमाने. पहिल्याच वर्षी उतरलेल्या नवख्यांसाठी 'रूकी कप' वेगळा आहे, आणि नव्या मुलाचा निकाल बघताना आम्हाला तोच जास्त बोलका वाटतो.

या गुणांशिवाय आणखी एक हिशेब मागे चालू असतो तो 'सुपर लायसन्स' चा. फॉर्म्युला-१ मध्ये बसायचे तर तीन वर्षांत ४० गुण लागतात. एफ-४ च्या विजेत्याला त्यातले १२ मिळतात, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७. सातव्या क्रमांकानंतर काहीच नाही. ४० च्या तुलनेत १२ म्हणजे फार नव्हे. पण पुढच्या पायरीवरचे संघ मुलाकडे बघू लागतात ते इथूनच.

गाडी सगळ्यांची सारखी, मग फरक कशाने पडतो?

२०२२ पासून ब्रिटिश एफ-४ मध्ये सगळ्यांना एकच गाडी आहे : इटलीच्या तातूस कंपनीचा सांगाडा, १.४ लिटरचे आबार्थ टर्बो इंजिन, ताकद साधारण १८० अश्वशक्ती, पिरेलीचे टायर. चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाची संरक्षक कमान. आधीच्या पिढीतही तेच होते, सगळ्यांना मिगालचा सांगाडा आणि फोर्डचे इंजिन. हेतू हा की श्रीमंताने वेगवान गाडी विकत घेऊ नये, मुलांची मुलांशी स्पर्धा व्हावी.

हेतू चांगला आहे आणि काही अंशी साधतोही. पण गाडी सारखी झाली म्हणून तयारी सारखी होत नाही. आमच्या मते पालकांनी समजून घ्यायची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंखाचा कोन, टायरमधली हवा, गाडीची जमिनीपासूनची उंची हे सगळे सूत सूत बदलता येते, आणि ते कोणत्या ट्रॅकवर कसे ठेवायचे याच्या वह्या जुन्या संघांकडे वर्षानुवर्षांच्या आहेत. फेरी झाल्यावर मुलगा संगणकासमोर बसतो. त्याने ब्रेक कुठे दाबला आणि त्याच्या सहकाऱ्याने कुठे, या दोन रेषा एकावर एक ठेवून इंजिनिअर त्याला दाखवतो. सहकारी चांगला असेल तर मुलगा शिकतो, नसेल तर दोघे मिळून चुकतात. म्हणून संघ निवडताना "तुमची गाडी कशी आहे" यापेक्षा "दुसऱ्या गाडीत कोण आहे" हा प्रश्न जास्त शहाणपणाचा.

दुसरा फरक सरावाचा. मालिकेच्या अधिकृत सरावावर बंधने असतात, पण हिवाळ्यात स्पेनमध्ये किंवा आखातात जाऊन त्याच जातीच्या गाडीत शर्यती खेळण्यावर नसतात. एप्रिलमध्ये डॉनिंग्टनला पंधरा-सोळा वर्षांची मुले एका रांगेत उभी राहतात तेव्हा एकाच्या अंगात शेकडो फेऱ्या मुरलेल्या असतात, तर दुसऱ्याच्या हातात गाडी मार्चमध्ये आलेली असते. निकालपत्रकात हे कुठेच लिहिलेले नसते.

पैशाची गोष्ट

आता मूळ मुद्दा. या पातळीवर संघ मुलाला पगार देत नाही. मूल संघाला पैसे देते, म्हणजे अर्थात त्याचे आईबाप देतात. चांगल्या संघातल्या एफ-४ च्या एका हंगामाचा खर्च काही लाख पौंडांत जातो. जीबी-४ त्याहून कमी, पण तीही मध्यमवर्गीय पगारात बसणारी गोष्ट नव्हे. लंडनबाहेरचे एक घर आणि दोन हंगाम यांत निवड करावी लागेल, असे धरून चाला.

या रकमेत काय काय येते हे लेखी विचारावे. साधारणपणे गाडीचे भाडे, मेकॅनिक, इंजिनिअर, टायर, प्रवेश शुल्क आणि ठरावीक सरावाचे दिवस त्यात असतात. अपघाताने झालेले नुकसान बहुधा नसते! पुढचा पंख मोडला, सस्पेन्शनची दांडी वाकली, की बिल वेगळे. चूक दुसऱ्या मुलाची असली तरी बिल तुमचेच. सांगितलेल्या रकमेवर २० टक्के व्हॅट धरला आहे का, हेही पहिल्याच दिवशी विचारा. हंगाम मध्येच सोडावा लागला, मूल आजारी पडले किंवा परीक्षा आड आली, तर भरलेल्या पैशाचे काय, हे करारात असावे. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. घर घेताना आपण दाखवतोच की.

आपल्यातले काही जण स्वतःचा व्यवसाय करतात. "कंपनीचे नाव गाडीवर लावू आणि जाहिरात खर्चात टाकू" असा विचार साहजिक येतो. पण इथल्या करनियमांनुसार खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा लागतो. मालकाच्याच मुलाच्या गाडीवरच्या जाहिरातीबद्दल कर खाते प्रश्न विचारणार, हे गृहीत धरून आधी अकाउंटंटशी बोलावे. आयुर्विमा असेल तर मोटार शर्यत त्यातून वगळलेली आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्यावे.

मग गरिबाने यात पडूच नये का? तसे नाही, पण दारे अरुंद आहेत. स्टीव्हनेजच्या लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून त्याचे कार्टिंग चालवले, पण पुढचा रस्ता मोकळा झाला तो १९९८ मध्ये मॅक्लारेन आणि मर्सिडीजने त्याला हाताशी धरल्यावर. २०२४ चा ब्रिटिश एफ-४ विजेता डीगन फेअरक्लो संगणकावरच्या शर्यतींची स्पर्धा जिंकून, बक्षिसाच्या पैशावर पहिल्यांदा खऱ्या एफ-४ गाडीत बसला. भारतीय मुलांसाठी फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये 'वन फ्रॉम अ बिलियन' शोध घेतला होता. त्यातून अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि मुंबईचा जेहान दारूवाला निवडले गेले. जेहानने २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला-२ ची शर्यत जिंकली, आणि असे करणारा तो पहिला भारतीय. पण तो संघच २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि ते दार बंद झाले.

मुलींच्या पालकांसाठी एक वेगळी खिडकी आहे. २०१९ ते २०२२ 'डब्ल्यू सिरीज' मध्ये मुलींना फुकट गाडी मिळत असे, पण पैशाअभावी ती बंद पडली. २०२३ पासून 'एफ-१ अकॅडमी' आहे, एफ-४ च्याच जातीच्या गाड्यांची. लिंकनशायरची अॅबी पुलिंग २०२४ मध्ये ती जिंकली, त्याच वर्षी ब्रँड्स हॅचला ब्रिटिश एफ-४ ची शर्यत जिंकणारी पहिली मुलगी ठरली, आणि बक्षीस म्हणून तिला जीबी-३ ची पूर्ण खर्चाची जागा मिळाली. अशी उदाहरणे मोजकीच, पण आहेत.

२०१८ ची रांग

आकड्यांपेक्षा माणसे बघितली की चित्र स्पष्ट होते. म्हणून आजच्या जीबी-३ चे जुने रूप असलेल्या २०१८ च्या ब्रिटिश फॉर्म्युला-३ ची आरंभरेषा डोळ्यांसमोर आणू. ही एफ-४ च्या वरची पायरी. आपल्यासाठी ती खास आहे, कारण तिथे एक कोल्हापूरकर उभा होता.

कृष्णराज महाडिक, तेव्हाचे कोल्हापूरचे खासदार धनंजय महाडिक यांचे चिरंजीव. कोल्हापूरला कार्टिंगची परंपरा आहे, आणि तांबड्या-पांढऱ्याच्या गावातून एक मुलगा थेट स्नेटरटनच्या वाऱ्यात येऊन शर्यती खेळला, याचे इथल्या मराठी माणसाला कौतुक वाटायलाच हवे. तो 'डबल आर' या संघात होता. या संघाच्या नावातला एक 'आर' फॉर्म्युला-१ चा जगज्जेता किमी रायकोनेनचा. त्याचा सहकारी होता स्वीडनचा लिनस लुंडक्विस्ट. तोच त्या वर्षीचा विजेता.

त्याच रांगेत दुसरा आलेला डेन्मार्कचा निकोलाय किएरगार्ड, तिसरा बंगळूरचा कुश मैनी (अर्जुनचा धाकटा भाऊ), आणि नॉटिंगहॅमचा टॉम गॅम्बल होता. शिवाय बिली मंगर होता, त्याच्याबद्दल पुढे.

आज ही मुले कुठे आहेत? फॉर्म्युला-१ च्या शर्यतीत यांपैकी एकही पोचला नाही. विजेता लुंडक्विस्ट अमेरिकेत गेला, २०२२ मध्ये तिथली इंडी लाइट्स मालिका जिंकला, आणि जिंकूनही २०२३ साठी त्याला वरच्या वर्गात पूर्ण हंगामाची जागा मिळाली नाही, कारण जागेबरोबर पैसे आणावे लागतात. २०२४ मध्ये जागा मिळाली तर इंडीकारचा सर्वोत्तम नवखा ठरला. मग संघाने गाड्या कमी केल्या आणि जागा गेली. गॅम्बल लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला आणि २०२५ पासून अॅस्टन मार्टिनच्या ले माँच्या गाडीत आहे. कुशने २०२० मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला-३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला, फॉर्म्युला-२ पर्यंत चढला, आणि मे २०२५ मध्ये मोनॅकोची छोटी शर्यत जिंकली. तिथे जिंकणारा पहिला भारतीय. कृष्णराज कोल्हापूरला परतले आणि आता तिथल्या सार्वजनिक जीवनात आहेत.

बघा, सगळ्यात वेगवान ठरलेल्या मुलाची ही कथा आहे. दहाव्या-बाराव्या क्रमांकावर येणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊकही नसतात, आणि त्यांच्या घरांनीही तेवढेच पैसे भरलेले असतात. म्हणून आमची सूचना अशी : हंगाम सुरू होण्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा. एक, जास्तीत जास्त किती पैसे, म्हणजे ज्यातून भावंडाचे शिक्षण आणि राहते घर वगळले आहे. दोन, कोणता निकाल आला नाही तर थांबायचे. हे मुलाच्या समोर ठरवा. पंधरा वर्षांच्या मुलाला ते समजते. न सांगता एक दिवस गाडी बंद झाली तर ते समजत नाही.

धोका

हा भाग टाळून पुढे जाता येणार नाही. १६ एप्रिल २०१७ ला डॉनिंग्टन पार्क इथे ब्रिटिश एफ-४ च्या शर्यतीत ट्रॅकवर थांबलेल्या एका गाडीवर मागून येणारा बिली मंगर आदळला. समोरच्या गाड्यांमुळे त्याला ती दिसलीच नाही. तो १७ वर्षांचा होता. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले.

पुढे जे झाले तेही सांगायला हवे. अपंग चालकांना एकआसनी शर्यतीत उतरता यावे म्हणून नियम बदलून घेतले गेले, हातांनी चालवता येईल अशी गाडी तयार झाली, आणि २०१८ मध्ये ऊल्टन पार्कला, वर सांगितलेल्या त्याच रांगेत उभा राहून, पुनरागमनाच्या पहिल्याच शर्यतीत बिली तिसरा आला. २०१९ मध्ये त्याने फ्रान्समध्ये पो ग्रां प्री जिंकली. धैर्याची गोष्ट म्हणून ती मोठीच आहे. पण पालक म्हणून वाचताना आधीचा परिच्छेद विसरू नये.

त्यानंतरच्या पिढीच्या गाड्यांना हेलो आला, सांगाडे जास्त मजबूत झाले. हेल्मेट, मान सावरणारी पट्टी, आगीपासून वाचवणारे कपडे सक्तीचे आहेत, आणि यात सेकंड-हँडच्या मोहात पडू नये. धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. आजीला फोनवर सांगताना शब्द जपून वापरावेत, एवढेच.

शाळा आणि पासपोर्ट

वयाचे गणित बघा. पंधरा पूर्ण म्हणजे इयर १० किंवा ११. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि मे-जूनमध्ये जीसीएसई. शर्यती शनिवार-रविवारी असल्या तरी सराव आठवड्यातल्या दिवशीही असतो, आणि रजा द्यायची की नाही हे मुख्याध्यापकांच्या हातात. परवानगीशिवाय गैरहजर ठेवले तर पालकांना दंड होऊ शकतो. अनेक मुले म्हणूनच एफ-४ मध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी, परीक्षा आटोपून उतरतात. त्यात काही बिघडत नाही.

झेंड्याचा प्रश्न आपल्या घरात हमखास निघतो. लंडनमध्ये जन्मलेला अॅलेक्स अल्बॉन आईच्या देशाचा, थायलंडचा झेंडा लावतो, मग आपले पोर तिरंगा का लावू शकणार नाही? जागतिक स्पर्धेत चालकाचा देश पासपोर्टवरून ठरतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. ब्रिटिश पासपोर्टवाले मूल ब्रिटिश म्हणूनच मोजले जाणार. त्याचा एक फायदाही आहे : तरुण ब्रिटिश चालकांसाठी दरवर्षी निवड होऊन जे 'ऑटोस्पोर्ट बीआरडीसी' पारितोषिक दिले जाते, त्याला ते पात्र ठरू शकते. जेन्सन बटन, रसेल, नॉरिस आणि वर आलेला गॅम्बल हे सगळे त्याचे मानकरी. उलट ज्यांच्या मुलांकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी भारतातली एफ-४ मालिकाही बघावी. ती २०२३ पासून चेन्नईच्या सर्किटवर सुरू झाली आणि २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यतही झाली.

सुरुवात कुठून करावी

सरळ एफ-४ च्या संघाला फोन करू नका. जवळच्या भाड्याच्या कार्ट ट्रॅकवर सहा महिने मुलाला नेमाने न्या. पावसात, थंडीत. वाढदिवसाची हौस आणि खरी ओढ यांतला फरक फेब्रुवारीत कळतो. हॅमिल्टनने सुरुवात केली ते हॉड्सडनचे राय हाउस, केंटमधले बकमोर पार्क, नॉर्थहॅम्प्टनशायरमधले व्हिल्टन मिल ही नावाजलेली ठिकाणे. स्वतःची कार्ट घेण्याआधी एखाद्या क्लबच्या शर्यतीत दिवसभर नुसते उभे राहून बघावे, इतर पालकांशी बोलावे. मेकॅनिकचे काम करणारे बाबा आणि व्हॅनमध्ये सँडविच करणारी आई, असेच ते जग आहे. आपली पोळी-भाजी तिथे फार लवकर लोकप्रिय होते. कार्टिंगच्या परवान्याला आणि पुढे गाडीच्या परवान्याला वेगवेगळी परीक्षा असते, लेखी आणि ट्रॅकवरची. झेंड्यांचे अर्थ पाठ हवेत.

आणि गाडी चालवण्यापलीकडेही या जगात शिरायच्या वाटा आहेत. सिल्व्हरस्टोनला 'फॉर्म्युला स्टुडंट' ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा होते, आयआयटी मुंबईच्या मुलांनी आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन तिथे हजेरी लावली आहे. इथे बरेचसे फॉर्म्युला-१ संघ ऑक्सफर्डशायर, नॉर्थहॅम्प्टनशायर परिसरात आहेत, आणि त्यांना चालक दोनच लागतात, इंजिनिअर शेकडो. ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभे राहणारे मार्शल हे तर सगळे स्वयंसेवक. प्रशिक्षण मिळते, शर्यत सर्वांत जवळून दिसते, पैसे भरावे लागत नाहीत.

नुसते बघायचे असेल तर ब्रिटिश टूरिंग कारच्या रविवारचे तिकीट काढा, एफ-४ त्यातच दिसते. एमएसव्हीच्या सर्किटांवर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बहुतेक वेळा मोफत प्रवेश असतो, तिकीट काढताना खात्री करून घ्या. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवतात त्या आवारात, फिरता येते का तेही बघा. तिथे मुलांना गाडी उघडलेली दिसते आणि चालक हातभर अंतरावर भेटतात. कानांना लावायला काहीतरी, घडीच्या खुर्च्या आणि रेनकोट न्यावा. ऊल्टन पार्कला जुलैतही नेलाच पाहिजे.